लोकरीचे विणकाम : सुई कधीच न धरलेल्याने सुरुवात कोठून करावी?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार. माझी नणंद वाईला असते आणि मार्गशीर्षात तिच्या घरी बाळ येणार आहे. वाईची थंडी सांगलीपेक्षा बरीच बोचरी असते, म्हणून बाळासाठी टोपरे आणि पायमोजे आपल्या हाताने विणावेत असे मनात आले. आमच्या घरात शिवणकाम सगळ्यांना येते, परंतु लोकरीच्या सुया आजवर कोणीच हातात धरलेल्या नसल्यामुळे विचारायला जवळ माणूस नाही. गणपती पेठेतून लोकरीचा एक गुंडा आणि आठ नंबरच्या सुया आणल्या आहेत. ज्या अमेरिकन शिक्षिकेचे व्हिडिओ मी पाहते त्यांनीही आठ नंबरच्याच सुया सांगितल्या होत्या, पण त्यांच्या हातातील सुया माझ्या सुयांपेक्षा उघड उघड जाड दिसतात.

टाके घालणे (सुईवर सुरुवातीचे फास चढवणे) आणि सुलट टाका एवढे आता जमते. मात्र वीस टाक्यांनी सुरुवात केली की काही सुया (म्हणजे ओळी) विणून होईपर्यंत ते पंचवीस-सव्वीस झालेले असतात आणि तुकड्याची कडा तिरकी होत जाते. टाके आपोआप का वाढतात, सुयांच्या नंबरांचा हा काय प्रकार आहे आणि टोपऱ्याआधी कोणती वस्तू विणायला घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिरजेची मावशी

सुयांचा घोळ तुमचा नसून नंबरांचा आहे. आपल्याकडे सुयांना जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात आणि त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत हे बरोबर उलटे असते. आपली आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची असते, तर अमेरिकेतील आठ नंबरची ५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्याकडची सहा नंबरची. आपली दहा नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, बारा नंबरची पावणेतीन आणि चौदा नंबरची २ मिलिमीटर असते. व्हिडिओ कोणत्याही देशाचा असो, नंबर सोडून द्यावा आणि मिलिमीटर तेवढे पाहावेत. हल्ली बहुतेक सुयांच्या डोक्यावर किंवा पाकिटावर दोन्ही आकडे छापलेले असतात.

तुमच्या आठ नंबरच्या सुया शिकण्यासाठी अगदी योग्य आहेत, तेव्हा बदलायला जाऊ नका. फक्त त्या ॲल्युमिनियमच्या असतील तर टाके त्यांवरून लवकर घसरतात. बांबूच्या सुयांवर टाका थोडा धरून राहतो, त्यामुळे नवशिक्याचा हात त्यांवर लवकर स्थिरावतो. पुढे वेग आला की धातूच्याच सुया आवडू लागतात.

लोकर मात्र कोणती आणली ते तुम्ही लिहिलेले नाही. काळी, गर्द निळी किंवा जांभळी असेल तर ती बाजूला ठेवा, कारण ट्यूबलाइटच्या उजेडात गडद रंगावरचे टाके वेगवेगळे दिसतच नाहीत. केसाळ आणि चमकी घातलेली लोकरही शिकताना नको. ती एकदा गुंतली की उसवता येत नाही, आणि शिकण्याच्या काळात विणण्याइतकेच उसवावे लागते. फिक्या रंगाची, गोल वळाची, मध्यम जाडीची साधी लोकर घ्यावी. दुकानात हिला कोणी डबल निटिंग म्हणते, कोणी नुसती जाड लोकर म्हणते, म्हणून नावावर न जाता वेष्टनावर ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली आहे का ते पाहावे. त्याच वेष्टनावर रंगाचा लॉट नंबर असतो. एका वस्तूला लागणारी सगळी लोकर एकाच लॉटची घ्यावी, कारण दुसऱ्या लॉटचा पांढरासुद्धा वेगळा दिसतो. दुकानदार सारखाच आहे म्हणतील, तरी ऐकू नये!

माणदेशी

विषय बाळाच्या कपड्यांचा आहे म्हणून विचारतो. आमच्या माण-खटावात आणि तुमच्याकडे आटपाडी-जतला मेंढ्यांचे कळप दारावरून जातात आणि दरवर्षी कातरणी होते. असे असताना लुधियानाची लोकर विकत आणण्याऐवजी आपल्याच मेंढीची लोकर का वापरू नये?

मिरजेची मावशी

प्रश्न रास्त आहे, पण बाळासाठी तरी उत्तर नकारार्थी आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते आणि तिच्यात केसासारखे जाड तंतू मिसळलेले असतात. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूचे टोक त्वचेवर दाबले गेले तरी वाकत नाही आणि म्हणून ते टोचते. मेरिनो मेंढीची लोकर सुमारे २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असते, त्यामुळे ती अंगाला मऊ लागते. आपल्याकडच्या लोकरीचा भरडपणा घोंगडीसाठी मात्र गुणाचा ठरतो. सणगर मंडळी तिचे सूत मागावर ताणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणतात, ती पावसात मेंढपाळाचे अंग कोरडे ठेवते आणि वर्षानुवर्षे टिकते. तिथे ताणाबाण्याचे दोन वेगळे धागे एकमेकांतून जातात. आपल्या सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणूनच स्वेटर ताणला जातो आणि घोंगडी ताणली जात नाही.

तान्ह्या बाळासाठी मी ॲक्रिलिकची बेबी लोकर सुचवेन. ती खऱ्या लोकरीइतकी उबदार नसली तरी रोज धुता येते आणि बाळाची वस्तू रोजच धुवावी लागते. शुद्ध लोकर गरम पाण्यात चोळली तर तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि टोपरे आटून बाहुलीचे होते.

वाईची सुगरण सुई

आता टाके वाढण्याविषयी, कारण मूळ अडचण तीच आहे. याला नेहमी तीन-चारच कारणे असतात, आणि त्यांतले कोणते घडले ते तुकडा हातात घेऊन ओळखता येते.

तुमची कडा तिरकी होते आहे, म्हणजे टाके बहुधा कडेलाच वाढत आहेत. एक सुई संपवून काम उलटे फिरवले की धागा आपल्या बाजूला, म्हणजे पुढे असतो. सुलट विणण्यासाठी तो मागे न्यायचा असतो. तो सुईच्या वरून ओढून मागे नेला तर पहिला टाका वर खेचला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर येतात आणि ते दोन टाक्यांसारखे दिसतात. नवशिका ते दोन्ही विणतो आणि टाका वाढतो. धागा सुईच्या टोकाखालून मागे न्यावा आणि पहिला टाका विणण्यापूर्वी तो हलकेच खाली ओढून पाहावा. टाका एकच असेल तर लगेच एकच दिसेल.

टाका मध्येच कोठे वाढला असेल आणि त्याच्या खाली छोटे भोक दिसत असेल, तर विणता विणता धागा पुढे राहिला आणि सुईवर एक जादा वेढा पडला असे समजावे. जाळीच्या विणीत हेच भोक मुद्दाम पाडतात. भोक नसेल पण टाका विरळ आणि अर्धवट दिसत असेल, तर सुईचे टोक लोकरीच्या पदरांमधून गेले आहे आणि एका टाक्याचे दोन झाले आहेत. चौथा प्रकार दूध उतू गेले किंवा दाराची बेल वाजली म्हणून सुई अर्धी टाकून उठण्याचा आहे. परत आल्यावर काम चुकीच्या दिशेने सुरू केले तर एका बाजूला दोन सुया जास्त होतात आणि कड पायरीसारखी दिसते. परत बसताना गुंड्याकडून येणारा धागा कोणत्या सुईवरून निघाला आहे ते पाहावे. तो नेहमी उजव्या हातातील सुईवर असला पाहिजे.

यावर उपाय म्हणून प्रत्येक सुई संपली की टाके मोजा, असे सगळेच सांगतात आणि ते बरोबरही आहे. परंतु मोजण्याने चूक झाली एवढेच कळते, कोठे झाली ते कळत नाही. म्हणून मी शिकवताना आधी वीण वाचायला शिकवते. सुलट टाका समोरून इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो आणि उलट टाक्याला समोर आडवी गाठ दिसते. सगळ्या सुया सुलट विणल्या की दोन्ही बाजूंना आडव्या धारा उमटतात आणि दोन सुयांची मिळून एक धार होते. एवढे डोळ्यांना ओळखता आले की आपण कितव्या सुईवर आहोत, पुढचा टाका सुलट आहे की उलट, हे कागदावर टिपून ठेवण्याची गरज उरत नाही. ज्यांना नमुना पाठ असतो पण वीण वाचता येत नाही, त्यांना एक टाका सुटला तरी सगळे उसवावे लागते.

सुटलेल्या टाक्याला घाबरण्याचे कारण नाही. तो खाली पाच-सहा ओळी गेला तर त्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसते. सुलट बाजूने क्रोशाची सुई त्या टाक्यात घालावी आणि शिडीचा एकेक धागा त्यातून ओढत वर यावे. हे मुद्दाम टाका सोडून शिकून घ्यावे. माझ्या मते नवशिक्याने पहिला पूर्ण सुलट-उलट तुकडा विणला की लगेच हाच धडा गिरवावा, कारण त्यानंतर हाताची भीती जाते.

कृष्णाकाठची (सांगली)

वाईच्या ताई, तुम्ही लिहिले आहे ते अगदी जसेच्या तसे घडत होते. धागा सुईवरून मागे जात होता. खालून नेल्यावर टाके आहेत तेवढेच राहू लागले आणि कडाही सरळ येते आहे. लोकर फिकी पिवळी आणि साधीच आहे.

त्यानंतर उलट टाका शिकले आणि एक सुई सुलट, एक सुई उलट असा तुकडा विणला. तो दिसायला दुकानातील स्वेटरसारखा सुरेख दिसतो, पण खाली ठेवला की गुंडाळला जातो. बाजूच्या कडा मागे वळतात आणि खालची कडा पुढे येते. इस्त्री केली तर सरळ होईल का?

मिरजेची मावशी

ॲक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात नको. ती लोकर उष्णतेने कायमची लुळी पडते आणि मग तिचा ताण परत येत नाही. गुंडाळणे हा त्या विणीचा स्वभावच आहे, कारण सगळे सुलट टाके एकाच बाजूला आणि सगळ्या उलट गाठी दुसऱ्या बाजूला आल्यामुळे दोन्ही बाजूंचा ओढ सारखा राहत नाही. म्हणूनच स्वेटरला खाली आणि मनगटाला बॉर्डर विणतात. दोन सुलट, दोन उलट अशा विणीत दोन्ही प्रकारचे टाके दोन्ही बाजूंना येतात, त्यामुळे ती वळत नाही आणि वर रबरासारखी ताणली जाते. बॉर्डर नेहमी दोन नंबर बारीक सुईवर घ्यावी. अंग आठवर असेल तर बॉर्डर दहावर. साबुदाण्याची वीणही सपाट राहते. तिच्यात एक सुलट, एक उलट विणताना पुढच्या सुईला सुलटावर उलट आणि उलटावर सुलट येते.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

मी साताऱ्याचा, निवृत्तीनंतर पत्नीकडून विणकाम शिकलो. (मोती चौकातील दुकानदार अजूनही लोकर देताना वहिनींसाठी का, असे विचारतात.) वरील चर्चेत एक गोष्ट राहिली आहे आणि यंत्रांच्या कामात आयुष्य गेल्यामुळे मला ती पहिली वाटते. ती म्हणजे माप.

नमुन्यात ११० टाके घाला असे लिहिलेले असते, ते लिहिणाऱ्याच्या हाताला अनुसरून असते. त्याच्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील तर ११० टाक्यांची रुंदी ५० सेंटिमीटर होते. तुमचा हात सैल असेल आणि तेवढ्याच जागेत २० टाके बसत असतील तर तीच रुंदी ५५ होते, म्हणजे पाठ आणि पुढचा भाग मिळून स्वेटरचा घेर १० सेंटिमीटरने वाढतो. लोकर तीच, सुई तीच, टाके तेवढेच, तरीही स्वेटर दुसऱ्याच माणसाचा होतो. म्हणून कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, तो धुऊन वाळवावा आणि कडा सोडून मधल्या १० सेंटिमीटरमधील टाके मोजावेत. टाके जास्त भरले तर जाड सुई घ्यावी, कमी भरले तर बारीक घ्यावी. हात मुद्दाम घट्ट किंवा सैल करून माप जुळवण्याचा प्रयत्न करू नये. तो दोन सुयांपुरता टिकतो.

पोवई नाक्याची प्राची

पहिली वस्तू म्हणून मफलर घ्यावा असे मला वाटते. टाके घालायचे आणि पुरेशी लांबी होईपर्यंत विणत राहायचे, कोठेही कमी-जास्त करायचे नाही. मी तसेच शिकले.

वाईची सुगरण सुई

प्राचीताई, येथे माझे मत थोडे वेगळे आहे. मफलर दीड मीटरचा होतो. पहिल्या हातभर लांबीतच सुलट टाका हातात बसतो आणि उरलेले सगळे काम कंटाळ्याचे होते. कपाटांतून पडून असलेले अर्धे मफलर मी पुष्कळ पाहिले आहेत. शिवाय सुरुवातीचे वाकडे टोक आणि शेवटचे सरळ टोक एकाच वस्तूवर कायम शेजारी राहतात.

मी तीस टाक्यांचे चौकोन विणायला सांगते. मध्यम लोकर आणि आठ नंबरच्या सुयांवर ते साधारण १४ सेंटिमीटरचे होतात. एक चौकोन सगळा सुलट, एक सुलट-उलट, एक बॉर्डरच्या विणीचा, एक साबुदाण्याचा, एक दोन रंगांच्या पट्ट्यांचा. प्रत्येक चौकोनात टाके घालणे आणि बंद करणे (शेवटी सुईवरून उतरवून कडा मिटवणे) यांचा सराव होतो, जो मफलरात एकदाच होतो. पुरेसे जमले की गोधडीच्या ठिगळांसारखे जोडून बाळाचे दुपटे होते, आणि त्यात पहिला वाकडा चौकोन कोठे गेला ते विणणाऱ्यालाच माहीत असते. आकार जुळवायला सुलट-उलट चौकोनाच्या चारही कडांना चार-चार टाके आणि चार-चार सुया नुसत्या सुलट घ्याव्यात, म्हणजे तो गुंडाळणार नाही.

मिरजेची मावशी

चौकोनांचे म्हणणे पटले. फक्त टाके सैल हाताने घालायला शिकवा. नव्या माणसाची खालची कडा नेहमी घट्ट येते. दोन सुया एकत्र धरून त्यांवर टाके घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी. अंगठ्याने टाके घालताना शेपटाला, म्हणजे धाग्याच्या मोकळ्या टोकाला, वस्तूच्या रुंदीच्या साधारण चौपट धागा सोडावा, नाहीतर शेवटच्या चार टाक्यांना तो संपतो आणि सगळे पुन्हा सुरू करावे लागते. बंद करतानाही सुई एक नंबर जाड घ्यावी, म्हणजे टोपरे बाळाच्या डोक्यातून सहज उतरेल.

डावखुरी (कराड)

मी डावखुरी आहे आणि ही चर्चा वाचून सुया विकत घेण्याचा मोह होतो आहे. मला सगळे आरशात पाहून शिकावे लागेल का?

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी

तसे करू नये असा माझा सल्ला आहे. सुयांच्या विणकामात दोन्ही हात काम करतात, तेव्हा आधी नेहमीच्या पद्धतीनेच शिकून पाहा. आपल्याकडे बहुतेक जण धागा उजव्या हाताने सुईभोवती फिरवतात. युरोपात पुष्कळ ठिकाणी धागा डाव्या बोटावर ताणून धरतात आणि उजव्या सुईच्या टोकाने तो उचलतात. डावखुऱ्यांना ही दुसरी पद्धत अनेकदा सोपी जाते. संपूर्ण काम उलट दिशेने शिकले तर तेही चालते, परंतु पुढे प्रत्येक नमुना मनात फिरवून वाचावा लागतो आणि शेजारी बसून शिकवणारे माणूस मिळणे आणखी कठीण होते.

कृष्णाकाठची (सांगली)

चौकोन विणून पाहिले, माप १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके असे आले. आता टोपऱ्यासाठी नमुना सांगाल का? व्हिडिओंमध्ये चार-पाच सुयांवर गोल विणतात, ते मला एवढ्यात झेपेल असे वाटत नाही.

वाईची सुगरण सुई

दोन सुयांवरच विणून मागे शिवण घालावी. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो आणि टोपरे घेरापेक्षा थोडे लहानच असावे लागते, म्हणजे ते ताणून बसते. तुमच्या मापाने ७२ टाक्यांची रुंदी जवळजवळ ३३ सेंटिमीटर होईल. तीन महिन्यांच्या बाळासाठी ८० टाके घ्यावेत.

दहा नंबरच्या सुईवर ७२ टाके घालून दोन सुलट, दोन उलट अशी ३ सेंटिमीटर बॉर्डर विणावी. मग आठ नंबरच्या सुया घेऊन एक सुई सुलट, एक सुई उलट असे एकूण उंची ११ सेंटिमीटर होईपर्यंत विणावे आणि उलट सुईवर थांबावे. पुढच्या सुलट सुईला सहा टाके विणून दोन टाके एकत्र विणायचे, असे शेवटपर्यंत करावे. ६३ टाके उरतील. त्यावर एक सुई उलट. मग पाच विणून दोन एकत्र, ५४ उरतील, पुन्हा एक सुई उलट. असे दर सुलट सुईला मधला एक टाका कमी करत जावे. ४५, ३६, २७ असे होत १८ टाके उरले आणि त्यावरची उलट सुई झाली की सगळे दोन-दोन एकत्र विणून ९ करावेत. धागा लांब ठेवून कापावा, मोठ्या डोळ्याच्या बोथट सुईत ओवून त्या नऊ टाक्यांतून घ्यावा आणि ओढून घट्ट करावा. ८० टाक्यांनीही हिशोब असाच बसतो, फक्त शेवटी १० उरतात.

कमी करायला लागण्यापूर्वीच्या सुईतील सगळ्या टाक्यांतून दुसऱ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून ठेवावा. वर काही बिघडले तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येते.

मिरजेची मावशी

बाळाच्या वस्तूंना गळ्याशी लांब बंद, मणी आणि सैल बटणे लावू नयेत. पायमोजे विणताना जाळीची वीण टाळावी आणि धाग्याची टोके आतल्या बाजूला मोकळी सोडू नयेत. त्यांत बाळाचे बोट अडकून धाग्याचा वेढा आवळला जातो, आणि बाळ का रडते आहे ते मोजा काढेपर्यंत कळत नाही. प्रत्येक टोक बोथट सुईने विणीतून चार-पाच सेंटिमीटर एका दिशेने आणि थोडे उलट दिशेने ओवून मगच कापावे.

कृष्णाकाठची (सांगली)

टोपऱ्याची बॉर्डर झाली आहे. एक शंका उरली आहे. मागची शिवण आमच्या शिलाई मशीनवर घातली तर चालेल का? हाताने घातलेली शिवण बाळाला रुतेल अशी भीती वाटते.

मिरजेची मावशी

मशीनचा टाका ताणला जात नाही, त्यामुळे टोपरे ताणले की दोरा तुटतो किंवा शिवण आखडते. त्याच लोकरीने हातानेच शिवावे. दोन्ही कडा सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि कडेचा टाका व त्याच्या शेजारचा टाका यांच्यामध्ये जो आडवा धागा दिसतो तो एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा असा उचलत जावे. दोन-तीन सेंटिमीटर झाले की धागा हलका ओढावा, कडा आपोआप आत वळून मिटते. लोकर फार जाड वाटली तर तिचे पदर सोडवून निम्म्या पदरांनी शिवावे. बॉर्डरच्या भागाला शिवण बाहेरच्या बाजूने घालावी, म्हणजे कडा दुमडली तरी ती आत लपते आणि बाळाच्या मानेला काही लागत नाही.